एक्स्प्रेस कुठे गेलं?

"हळू ढकल दार. घाबरलं की ते डोकं आत घेतं," प्रोफेसर कुजबुजला.

"डोकं आत घ्यायला त्याला कारण लागत नाही. परीक्षेच्या दिवशी तुझं होतं ना, तसंच आहे त्याचं," असं म्हणत भिंगरीनं प्रयोगशाळेचं दार ढकललं.

एक्स्प्रेस म्हणजे शाळेचं कासव. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकाला जायला त्याला अख्खी मधली सुट्टी पुरत नसे, म्हणून मुलांनी कौतुकानं हे नाव ठेवलं होतं. हिवाळ्याच्या सुट्टीत त्याला सांभाळायचं काम विज्ञानाच्या बाईंनी तिघांवर सोपवलं होतं. एक भिंगरी, जिला एका जागी बसलेलं तिच्या आईनंही पाहिलं नव्हतं. दुसरा तिचा चुलतभाऊ प्रोफेसर, ज्याचं नाक सदा पुस्तकात. आणि तिसरा शेजारचा बॅटरी. तो झोकात सुरू व्हायचा आणि ऐन वेळी विझायचा. "हे गरम मुलखातलं कासव आहे," बाईंनी बजावलं होतं, "थंडी त्याला सोसत नाही. खोक्यावरचा लाल दिवा रात्रंदिवस चालू राहिला पाहिजे."

आज तो दिवा विझलेला होता. खोक्यातलं गवत बर्फासारखं गार पडलं होतं आणि एक्स्प्रेसचा पत्ता नव्हता.

तिघांनी टेबलाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. बॅटरीनं तर कचऱ्याची टोपलीही उपडी केली.

"पळालं असेल," बॅटरी म्हणाला.

"ते? पळालं?" प्रोफेसरनं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "खोक्याची भिंत बघ केवढी उंच आहे. त्याला कुणीतरी उचललंय."

काल दुपारी भिंगरीनंच एक्स्प्रेसला हातानं पानं भरवली होती. आता ते या कडाक्यात कुठेतरी गारठत पडलं असेल. पण रडत बसण्यातली ती नव्हती. ती गुडघ्यांवर बसली आणि जमीन न्याहाळू लागली.

लाल दिव्याची पिन प्लगमधून निघून खाली लोंबत होती. शेजारी टेबलावर एक गोल वाळलेला डाग होता आणि त्याच्याभोवती साखर सांडली होती.

"किटली," ती म्हणाली. "इथे कुणीतरी चहा केलाय."

शाळेत त्या तिघांखेरीज फक्त रंगारी होते. सुट्टीत व्हरांडा रंगवून घ्यायचं काम चाललं होतं आणि त्यांचा मुकादम शिडीवर चढून शीळ घालत होता. प्रयोगशाळेत जायचं नाही, असं बाईंनी त्याला स्पष्ट सांगितलेलं होतं. बॅटरी तावातावानं पुढे झाला.

"काका, तुम्ही प्रयोगशाळेत गेला होतात?"

"छे रे बाळा, पाऊलसुद्धा टाकलं नाही," मुकादम वरूनच म्हणाला. बॅटरी जागच्या जागी विझला.

भिंगरीनं त्याला बाजूला केलं आणि चेहऱ्यावर अगदी साळसूद भाव आणला.

"काका, किती गारठा आहे हो. सकाळपासून राबताय तुम्ही. आम्ही मस्त आल्याचा चहा करून देऊ का?"

"देवासारखी भेटलीस बघ, पोरी."

"पण किटली कुठे लावू? व्हरांड्यातले सगळे प्लग तर तुम्ही रंगासाठी सोडवून ठेवलेत."

"त्यात काय एवढं? आतल्या खोलीत लाल दिवा आहे ना, त्याची पिन काढायची आणि..."

मुकादमाची जीभ तिथेच अडखळली. प्रोफेसरनं शांतपणे चष्मा पुसला.

"म्हणजे पाऊल टाकलं नाही, नुसती किटली टाकली," तो म्हणाला.

मुकादम खाली उतरला. वयानं मोठा माणूस, पण चोरी करताना पकडलेल्या पोरासारखा मान खाली घालून उभा राहिला. "काल संध्याकाळी कामावरच्या पोरांना चहा हवा होता. पिन परत लावायची राहून गेली. पण देवाशपथ सांगतो, तुमचं कासव-बिसव मी पाहिलं नाही. त्या खोक्यात एक दगड तेवढा होता."

"कसला दगड?" भिंगरीचा आवाज एकदम बारीक झाला.

"नक्षीचा, गोल. थंडगार. सकाळपासून ते टोकाचं दार वाऱ्यानं आपटत होतं, ओल्या रंगाचं वाटोळं होत होतं. म्हणून मी तो दगड..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत भिंगरी धावत सुटली होती.

व्हरांड्याच्या टोकाचं दार सताड उघडं होतं आणि त्यातून बोचरा वारा आत घुसत होता. दाराच्या तळाशी, पाठीवर पांढऱ्या रंगाचे दोन ठिपके घेऊन, एक्स्प्रेस दाराचा अडसर होऊन बसलं होतं.

तिनं त्याला अलगद उचललं. ते खरोखरच दगडासारखं लागत होतं. बॅटरीनं तोंड फिरवलं आणि बाहीनं डोळे पुसले.

"थांबा," भिंगरी म्हणाली आणि तिनं मागच्या पायाला बोटानं हळूच स्पर्श केला. काहीच झालं नाही. तिनं पुन्हा बोट लावलं आणि श्वास रोखून धरला. पाय केसभर आत सरकला.

"जिवंत आहे! बॅटरी, तुझ्या आत्याला फोन कर, पळ."

बॅटरीची आत्या प्राण्यांची डॉक्टर होती. तो असा काही पळाला की त्या दिवशी एक्स्प्रेस हे नाव त्यालाच शोभलं असतं.

तोवर मुकादम किटली घेऊन धावत आला. "आण ते इकडे, कढत पाण्यात बुडवू. नाहीतर शेगडीजवळ ठेवू. आत्ता गरम होईल."

"नाही," भिंगरी म्हणाली.

"अगं, वेळ नको घालवूस, मला कळतंय ना."

"नाही म्हणजे नाही, काका. एकदम गरम केलं तर ते दगावेल. बाईंनी शिकवलंय. ऊब हळूहळू द्यायची."

एवढीशी पोर, पण अशी काही उभी राहिली की मुकादमानं मुकाट्यानं किटली खाली ठेवली. खरं सांगायचं तर त्या क्षणी ती सगळ्या मोठ्या माणसांपेक्षा मोठी दिसत होती. तिनं एक्स्प्रेसला स्वेटरच्या आत पोटाशी धरलं. गारठ्यानं तिचे दात वाजायला लागले, तरी तिनं त्याला खाली ठेवलं नाही. प्रोफेसरनं आपला मफलर तिच्याभोवती गुंडाळला. जी मुलगी एका जागी बसायची नाही, ती शाळेच्या कार्यालयातल्या बाकावर अशी बसली की पापणीही लवेना. मुकादम दारापाशी उभा होता, टोपी हातात चुरगाळत.

आत्या आली तेव्हाही ती तशीच बसलेली होती. आत्यानं कासवाचे डोळे पाहिले, पाय पाहिले आणि मोठ्या बशीत बेताचं कोमट पाणी घेऊन त्यात त्याला ठेवलं. मग सगळे बशीवर वाकून बघत राहिले.

आधी एक डोळा उघडला. मग ती सुरकुतलेली मान इंच इंच बाहेर आली, आणि एक्स्प्रेसनं पाण्यात तोंड बुडवून घोट घेतला.

"माझ्याकडे कितीतरी मोठी माणसं गारठलेली जनावरं घेऊन येतात," आत्या म्हणाली, "आणि घाबरून आधीच भाजून ठेवतात त्यांना. आज मला इथे करायला काही उरलंच नाही. हा जीव या मुलांनी वाचवलाय. शाबास रे."

मुकादम पुढे आला. त्यानं आपल्या जाड कोटाची घडी केली आणि बशीभोवती नीट लावली.

"पोरी, माझं चुकलं," तो म्हणाला. "मी त्याला दगड समजलो."

भिंगरीनं मान हलवली. मग तिनं बशीशेजारी हात पसरला. तेवढ्यात एक्स्प्रेस बशीतून बाहेर पडलं, एकेक पाय टेकत तिच्या हातापर्यंत आलं, आणि तिच्या तळहातावर मान टेकवून निजलं.