लायब्ररी सापडत नाही

धुक्यातून बाइकवर आलेल्या त्या मुलाला मी शेतकरी समजले आणि न बघताच म्हणाले, "देठ टेबलावर ठेवा, पिशवीवर नाव लिहा."

"देठ न्हाई आणलं मॅडम," हेल्मेट काढत तो हसला. "मशीन बघायला ऑफिसनं धाडलंय, मलकापूरहून. मी जयराज."

माझी फजिती झाली. त्यात त्याच्या पापण्यांवर दव होतं... तेही नेमकं मलाच दिसावं?

कवठे महांकाळच्या आमच्या प्रयोगशाळेत द्राक्षवेलींचे देठ तपासून, कोणतं खत द्यायचं त्याचा रिपोर्ट देतात. रिपोर्टचा नवा प्रोग्राम आमच्या मशीनवर, म्हणजे एआयएक्स नावाच्या जुन्या प्रणालीच्या कॉम्प्युटरवर, उघडतच नव्हता. एकच रड — लायब्ररी सापडत नाही! म्हणजे प्रोग्रामच्या मदतीची फाइल. ती मशीनमध्येच होती, प्रोग्रामला तिचा पत्ता तेवढा ठाऊक नव्हता.

"पत्ता सांगायची ओळ तोंडपाठ हाय मला," म्हणत जयराजने ती लिनक्सच्या, म्हणजे दुसऱ्याच प्रणालीच्या, सवयीने टाइप केली. काही नाही. तासभर तीच ओळ, आणि मशीन ढिम्म.

"या मशीनला ती ओळ वेगळ्या नावानं लागत असेल तर?" मी जुनं मॅन्युअल पुढं सरकवलं... पान उघडूनच.

त्याने वाचलं. कान लाल झाले. "लय हुशार हाय की तुमी!"

नवी ओळ लिहिली, प्रोग्राम उघडला. मी टाळी वाजवली, आणि तो स्क्रीन सोडून माझ्याकडेच बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, पुन्हा तीच रड. तो आला, ओळ लिहिली, चाललं. तो गेला, बंद पडलं. आठवड्यात तीन फेऱ्या झाल्या. चहा पिताना तो बशीत फुंकर मारायचा, मी खिडकीतल्या धुक्याकडे बघितल्यासारखं करायची. वाटायचं, हे धुकं उठूच नये.

खरं सांगते, दुसऱ्याच फेरीला मला चूक कळली होती. तो ओळ स्क्रीनवर उघडलेल्या खिडकीपुरती लिहायचा. खिडकी मिटली की मशीन विसरायचं. दोन ओळींची फाइल केली असती — आधी पत्ता, मग प्रोग्राम — तर कायमचं मिटलं असतं. पण मी गप्प बसले. तो पुन्हा यावा म्हणून.

त्याच्या फेरीत निघतील तेवढेच रिपोर्ट निघायचे. शुक्रवारी द्राक्षबागवाले आकारामनाना दारात उभे राहिले. "ताई, रिपोर्ट कवा मिळंल? चौथा हेलपाटा माझा. खताची वेळ निघून चाललीय."

मला माझीच लाज वाटली. दहा मिनिटांत फाइल लिहिली, रिपोर्ट नानांच्या हातात दिला; ते तिथंच बाकावर बसून वाचू लागले. मग जयराजला फोन लावला.

"मशीन कायमचं सुरू झालंय. मीच केलं. मंगळवारीच जमलं असतं..."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तुम्ही आला नसता."

मला वाटलं, झालं... आता हा माणूस परत तोंड दाखवायचा नाही.

"मॅडम —"

"संयोगिता."

"संयोगिता... मशीन तर बरं झालं. आता तिकडं यायला काय कारण सांगू?"

"खरं तेच सांगा. मला भेटायला येताय म्हणून."

"ऑफिसात कशाला सांगायचं?" तो हळूच म्हणाला. "आईला सांगून येतो."

मी फोन कानाला धरूनच नानांच्या शेजारी बाकावर बसले.