अर्ध्या वाटेवरची किल्ली

दोघांनी एकत्र चालायचं ठरवलं, की पहिल्याच चढावर भांडण ठरलेलं. ती इस्पितळात नर्स. वॉर्डभर पळणं अंगात इतकं मुरलेलं, की डोंगरावरही तिला शांतपणे चालणं जमायचं नाही. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. वेळेशी रोजचा संबंध, पण घाई म्हणजे काय ते त्याला ठाऊक नाही. एक लांबलचक डोंगरवाट पुरी करायची हौस मात्र दोघांनाही होती, सुट्टी मिळेल तसा एकेक टप्पा. शेवटी भांडणावर त्यानेच तोडगा काढला. टप्प्याच्या दोन टोकांना आपापली गाडी लावायची आणि समोरासमोरून निघायचं. मध्ये गाठ पडली की किल्ल्यांची अदलाबदल. मग तिने त्याच्या गाडीने घरी यायचं, त्याने तिच्या. नियम एकच, तोही त्याचाच: किल्ली हातातून हातात.

"म्हणजे भेटल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही," तो म्हणायचा.

"एवढं प्रेम घरी दाखवलंस तर बरं होईल," ती चिडवायची.

त्या दिवशी तिचं मन वाटेवर नव्हतंच. सकाळी मुलीच्या अंगात कणकण होती. शेजारच्या मावशी अधूनमधून डोकावणार होत्या, मुलगीही "जा गं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हणाली होती, तरी निघाल्यापासून तिला चुटपुट लागून राहिली होती. नर्स असली म्हणून काय झालं, स्वतःच्या लेकीचा ताप निराळाच असतो. मागे फिरावं असं कितीदा तरी मनात आलं. त्यापेक्षा जोरात पळू, लवकर पोचू, असं म्हणत ती पळत राहिली.

दुपार कलली आणि धुकं उतरलं. आधी समोरचा कडा गेला, मग झाडं गेली, मग पायाखालची वाटही चार पावलांपुरतीच उरली. पाखरं गप्प झाली. आपल्याच बुटांचा चिखलातला पचपच आवाज तिला मागून आल्यासारखा वाटू लागला. ती थांबली की तो थांबायचा, पण जरासा उशिरा. तिने मागे वळून पाहायचं टाळलं.

खिंडीत दगडांची रास होती. राशीशेजारी नवरा उभा दिसला.

"इतक्या लवकर?" तिला हायसं वाटलं. "आज कुणी मागे लागलं होतं की काय?"

तो हसला नाही. त्याने नुसता हात पुढे केला.

"आणि तुझी किल्ली?"

"गाडीच्या चाकावर ठेवलीय... तू जा. ती वाट बघतेय."

फार दिवस बंद असलेलं कपाट उघडावं तसा वास आला. त्याच्या बुटांना चिखल नव्हता. सगळी वाट ओली आणि बूट कोरडे. तिला ते दिसलं, पण लेकीचा विषय निघाल्यावर तिला दुसरं काही सुचेना. तिने जुडगा त्याच्या तळव्यावर ठेवला. गाडीची किल्ली आणि घराचीही, एकाच कडीत. हात थंडगार लागला. धुक्यात उभा होता, गारठला असेल, असं म्हणून ती उताराला लागली.

बरंच खाली आल्यावर वाटेकडेच्या खडकावर कुणीतरी बसलेलं दिसलं. गुडघ्यापर्यंत चिखल, शेजारी थर्मास. तिचा नवरा.

तिला पाहताच त्याच्या हातातला कप पडला.

"तू... परत वर कधी गेलीस?"

"परत? अरे, मी आत्ताच उतरतेय. तू खिंडीत भेटलास ना मला..."

"मी अजून खिंड पाहिलीसुद्धा नाही." तो म्हणाला. "मघाशी तू आलीस वरून. चहा नको म्हणालीस. माझी किल्ली घेतलीस. तुझी चाकावर ठेवलीय म्हणालीस... आणि गेलीस."

जवळ कुणी जाईना. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना एकमेकांची भीती कधी वाटली नव्हती, ती आता वाटत होती. शेवटी तिनेच धीर केला. त्याचं मनगट धरून सवयीने नाडी पाहिली. नाडी धावत होती. हात उबदार होता.

"तुझे हात गरम आहेत," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. "तिचे नव्हते गं. तरी मी किल्ली दिली. तुझी घाई माहीत आहे, म्हणून काही विचारलंच नाही."

"घराचीपण?"

त्याने मान डोलावली.

मग मात्र तोही पळाला. जन्मात पळाला नव्हता तसा, पडत, धडपडत. त्याची गाडी जिथे लावली होती तिथे जमिनीवर गाडीएवढा कोरडा चौकोन होता, आणि भुरभुर पावसात तो नुकता कुठे भिजायला लागला होता. म्हणजे गाडी आत्ताच गेली होती. घर इथून दोन तासांवर. अजून वेळ आहे, ती स्वतःला सांगत होती, मुलीला मावशींकडे पाठवलं की झालं. फोनला रेंज होती. तिने घरचा नंबर लावला.

"हॅलो?" मुलीचा आवाज. तिचा जीव भांड्यात पडला.

"सोन्या, ऐक. आत्ताच्या आत्ता मावशींकडे जा. चपलासुद्धा घालू नकोस, नुसती जा..."



"कोण बोलतंय?"

"अगं मी! आई!"

"आई तर इथे आहे," मुलगी हळूच म्हणाली. "माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवतेय. बाबापण आलेत." मग फोनपासून तोंड वळवून, "आई, हे कुणीतरी तुझ्यासारखंच बोलतंय गं..."

पट्टी पिळल्याचं पाणी ऐकू आलं. आणि मग तिचाच आवाज. घाबरलेल्या पेशंटशी ती वॉर्डात बोलते तसा, शांत आणि मायेचा.

"ठेव तो फोन, बाळा. आणि दाराला आतून कडी घाल. आता कुणीही आलं, अगदी आमच्यासारखं दिसलं, तरी उघडायचं नाही."

मुलगी लगेच उठली. कडी सरकल्याचा आवाज फोनमध्ये स्वच्छ आला. एरवी एकदा सांगून ती कधीच ऐकत नसे.