लिंपलेली खिडकी

१९८४च्या उन्हाळ्यात रूपरावनं आंजी गावातलं एक जुनं घर विकत घेतलं. घर दणकट होतं, पण स्वयंपाकखोलीला खिडकीच नव्हती. भिंती काजळीनं काळ्याकुट्ट. त्याची चार वर्षांची मुलगी नलू सारखी खोकायची, आणि पोरीला धुरापासून जपा, असं डॉक्टरनं बजावलं होतं. म्हणून रूपराव आणि त्याच्या बायकोनं, गोपिकानं ठरवलं, बिनधुराची चूल बसवायची, उजेडासाठी छपरात काचेचं कवेलू टाकायचं, खिडकी काढायची, मग सगळं घर चुन्यानं उजळायचं.

चूल बसली, धुराचा पाइप छपराबाहेर निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीसाठी भिंत फोडणारा श्रावण मिस्त्री हातातली सब्बल आतच टाकून अंगणात आला.

"वहिनी, आत कोण खोकून राह्यलं?"

"कोणी नाई. नलू तर माह्या कडेवर हाये."

"मंग भिंतीतून येते थो आवाज… म्या नाई हात लावत."

रूपराव वावरात गेला होता. शेजारची म्हातारी अनुसयाबाई कुंपणापाशी आली आणि हळूच म्हणाली, "देवकाबाई असन. पहिले याच घरात राहे. खिडकी होती तिथं. बाया रस्त्यावरून दिसते म्हणून सासऱ्यानं लिंपून टाकली. धुरानं छाती गेली बिचारीची."

गोपिकानं नलूला छातीशी धरलं. घर सोडून जावं, असंही मनात आलं. तेवढ्यात नलूला ढास लागली, आणि आतून भिंतीनंही तशीच साथ दिली… तोच कोरडा, दमलेला खोकला.

तिनं पोरीला अनुसयाबाईकडे दिलं आणि आत शिरली. भर वैशाखात खोली गारठली होती. ओल्या राखेचा वास नाकात भरला. तिनं सब्बल उचलली.

"थांब बाई… काढू दे मले खिडकी," ती भिंतीला म्हणाली.

घावागणिक माती ढासळू लागली. आधी लाकडी चौकट दिसली, मग गज, आणि मग उजेडाचा लोट आत आला. त्याच वेळी तिच्या कानाशी कुणीतरी लांब श्वास घेतला. विहिरीत बुडालेलं माणूस वर आल्यावर घेतं, तसा. मग सारं शांत झालं.

संध्याकाळी रूपराव आला. दोघांनी मिळून चुना लावला. त्या रात्री नलू एकदाही खोकली नाही.

पहाटे गोपिकानं स्वयंपाकखोलीची, रात्री तिनंच बाहेरून लावलेली कडी काढली. नव्या चुलीभोवतीची जमीन ताजी सारवलेली होती, अजून ओली. बोटांच्या रेषा एकसारख्या, सुबक. तिनं वाकून त्यांवर आपला हात ठेवून पाहिला.

ती बोटं तिच्या बोटांपेक्षा बरीच लांब होती.

गोपिकानं पदर सावरला. मग तिनं चूल पेटवली.