न निघणारी हळद

"टोकन?"

"विसरलो."

"मग पाना बी विसरा."

टूलरूमच्या खिडकीत बसलेल्या नीलानं मान वरसुद्धा केली नाही. साखर कारखान्याचा नियम म्हणजे नियम! आपल्या नंबराचं पितळी टोकन द्यायचं, ते खिळ्याला लटकणार, मगच हत्यार हातात. हत्यार परत, टोकन परत. पण खिडकीपुढचा माणूस हलेना, तेव्हा तिनं वर बघितलं... आणि बघतच राहिली. पुण्याहून महिन्याच्या बोलीवर आलेला नवा फिटर अंबादास तो हाच. कपाळावर ग्रीसचा पट्टा, आणि वर हसतोय!

"टोकन न्हाय तर माणूस ठेवून घ्या की."

"माणसासाठी खिळा न्हाय आमच्याकडं!"

झालं. त्या दिवसापासून ह्या पठ्ठ्याला सारखं काहीतरी लागायला लागलं. एकदा तर नेलेली कानस तशीच कोरी करकरीत परत आणली. सगळा कारखाना तिला ताई म्हणायचा, फोरमन आबारावांची पोरगी ना! हा मात्र काहीच म्हणायचा नाही. नुसता येऊन खाकरायचा. ती खाकर ऐकली की नीलाचा हात आधी केसांकडं जायचा, आणि तोंडानं मात्र, "काय पायजे?"

त्या साली पाऊस नळदुर्गाकडं फिरकलाच नव्हता. उभा ऊस वाळायच्या आत हंगाम सुरू करायचा होता, आणि ऊस चिरणाऱ्या सुऱ्यांना भोकं पाडताना मशीनला लावायची साधी ड्रिलं जळत होती. "पुण्यात नवं ड्रिल मिळतंय," अंबादास म्हणाला. "वरून कडक लेप असतो, लवकर झिजत न्हाय." चीफ इंजिनीअर साहेबांनी एकच मागवलं. म्हणाले, "चाललं तर तुला कायम करतो. नाहीतर पुण्याची एसटी आहेच."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यानं कागदात गुंडाळलेलं ड्रिल खिडकीतून आत दिलं. "उघडू नका. दसरा झाला की मीच दाखवीन. माझं इथं ऱ्हाणं आता ह्याच्यावर हाय..."

'ऱ्हाणं' म्हणताना त्यानं तिच्याकडं असं बघितलं, की नीला टोकनंच मोजत बसली.

खंडेनवमीला आबांनी सगळी हत्यारं पूजेला मांडली, कागदातलं ड्रिलसुद्धा. हळद-कुंकू, झेंडूची फुलं. दसरा झाला. हळदीच्या ओलीनं हत्यार गंजतं, म्हणून नीला सकाळीच पुसायला बसली, आणि पहिलं उचललं ते त्याचंच. पण पिवळं निघेना! रॉकेलनं निघेना, पॉलिश पेपरनं निघेना. "बाई बाई, आबांनी हळद लावली का रंग दिला!" शेवटी तिनं ते ग्राइंडरच्या चाकावर धरलं. ठिणग्या उडाल्या, ड्रिल पांढरं लख्ख झालं. धुतलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवताना ती गालातल्या गालात हसत होती.

दुपारी मशीनभोवती सगळे जमले. अंबादासनं फडकं सोडलं, आणि त्याचा हात थबकला. त्यानं एकदाच खिडकीकडं बघितलं. मग गुपचूप ड्रिल बसवलं.

दुसऱ्या सुरीवरच ते किंचाळलं. धूर निघाला.

"हाच का तुमचा लेप?" कुणीतरी हसलं.

चीफसाहेबांनी गार झालेलं ड्रिल हातात घेतलं. "खाचांत अजून पिवळं आहे. हाच तर लेप! बाहेरून कुणी घासला?"

"म्या," अंबादास म्हणाला. "हळद वाटली, साहेब."

काय हशा पिकला! पुण्याचा फिटर, आणि लेपाला हळद म्हणतोय! तो खाली मान घालून उभा होता. आणि खिडकीत नीलाच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. पिवळं... म्हणजे तेच? आपण ह्याचं राहणंच घासून टाकलं? धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? पण तिच्यापायी लोक त्याला हसत होते, ते तिला सोसेना.

ती खिडकी सोडून बाहेर आली. एवढ्या गड्यांत!

"त्यांनी न्हाय, साहेब. मी घासलं. लई लाज वाटतीय मला."

आबारावांनी टोपी काढली. "पोरीला काय म्हणू नका साहेब. कागद म्याच उघडला, हळद बी म्याच थापली. तिला काय ठाव, खालचं पिवळं कसलं!"

"अजून कुणी आहे का?" साहेबांना आता हसू आवरेना. "अंबादास, आजच पुण्याला जा. दुसरं घेऊन ये. पूजा मात्र लांबूनच करा म्हणावं!"

संध्याकाळी, एसटीला निघायच्या आधी, खिडकीशी खाकर आली. नीलानं मान वर केली नाही... होईचना.

"खोटं कशाला बोललात?"

"तुमास्नी हसले असते."

"माझ्यामुळं तुमची नोकरी..."

"हाय अजून." त्यानं टोकन फळीवर ठेवलं.

"काय पायजे?"

"काय बी न्हाय. टोकन ठेवलं की परत यावंच लागतं. नियम हाय ना, नीला?"

नीला! पहिल्यांदाच... तिनं टोकन उचललं. ते त्याच्या हातानं अजून गरम होतं.

"आता जल्मात पिवळ्याला हात लावायची न्हाय मी," ती पुटपुटली.

"असं नका म्हणू," तो म्हणाला. "आबांना इचारून खरी हळद आणणार हाय मी."

नीलाचा चेहरा पुन्हा तापला, पण ह्या वेळी तिनं त्याच्याकडं बघितलं. सगळ्यात वरचा खिळा मोकळा होता. तिनं टोकन तिथं अडकवलं.