एका जिवाचे मागणे

पहाटेचे धुके खाडीवरून उठून सुरमाडीच्या कोटाला असे लगटले होते की, खालून येणाऱ्याला वरचे बुरूज नुसते हवेत टांगलेले दिसावेत. आणि त्यातल्याच एका बुरुजाच्या पोटात आपला धाकटा भाऊ हैबतराव बेड्यांत बसला आहे, आज दिवस मावळताना त्याला फाशी द्यायची आहे, एवढे एकच हुजुरांचे वकील गिरमाजीपंत गुप्ते यांच्या मनात घोळत होते. मोळी विकण्याच्या मिषाने हैबतराव कोटात शिरला होता, आणि तटाची मापे घेताना सापडला होता.

कोटाचा सरदार डॉन रामिरो फिरंग्यांच्या चाकरीतला, जातीचा इस्पानी, स्पेन देशचा. त्याच्या मिशा एवढ्या ऐसपैस की, दरवाजातून आधी मिशा यायच्या, त्या सलाम घ्यायच्या, मग मागून धनी यायचा. त्याचा खलिता होता: "आमच्या संताच्या सणाला पाहुण्याने मागितलेला एक जीव आम्ही देतो. वकिलांनी शेजारी बसून बैलाचा खेळ पाहावा."

पंत नजराण्याचे तबक घेऊनच आले होते. मुरलेला वकील तो! आधी नजराणा, मग विडा, मग अर्ज, ही दरबारची रीत त्यांच्या हाडात भिनलेली. दुभाष्या अंतोनला त्यांनी विचारले, "मागणे कधी घालायचे?"

अंतोनने नजर चुकवली. "वेळ आली की कळेल, पंत."

मैदान भरले, कर्णे वाजले आणि बैल सुटला. बैल कसला, काळा डोंगरच! वशिंडावर चौघांनी सोंगट्यांचा पट मांडून बसावे आणि पाचव्याने उभ्याने चूक दाखवावी, एवढे ते जनावर. घोडेस्वारांनी त्याला भाले टोचले. मग रंगीत झिरमिळ्यांच्या बरच्या त्याच्या खांद्यात रुतल्या. शेवटी जरीचे जाकीट घातलेला एक किडकिडीत गडी लाल कापड नाचवत पुढे झाला आणि प्रत्येक हुलकावणीसरशी लोक आरोळ्या ठोकू लागले. पंतांनी असले काही जन्मात पाहिले नव्हते.

"शेवटी सोडतात ना रे त्याला?"

"नाही पंत. मारतात."

"मग खेळ का म्हणतात?"

"वीस वर्षे यांचा पगार खातोय. मलाही अजून उमगले नाही."

तेवढ्यात रक्ताने निथळणारा तो बैल हुलकावण्यांना कंटाळल्यासारखा वळला, थेट पंतांच्या बैठकीपाशी आला आणि त्याने पुढचे दोन्ही गुडघे टेकले. मागून गड्याची तलवार उचलली गेली. पायाशी आलेल्याला अभय द्यायचे तर अंगावरचे वस्त्र त्याच्यावर टाकायचे, हे गुप्त्यांच्या घरात सात पिढ्या चालत आलेले. विचार मनात उमटायच्या आत पंतांचा हात उठला आणि खांद्यावरचा शेला बैलाच्या मानेवर जाऊन पडला.

गड्याने तलवार खाली घेतली. मग डॉन रामिरो उठून टाळ्या पिटू लागला. "दिला! पाहुण्याने मागितलेला जीव दिला!"

अंतोनच्या तोंडावर राख फासल्यासारखी कळा आली. "पंत, काय केलेत हे! या मैदानात पाहुण्याने कापड टाकले की तेच मागणे. तुम्हाला सांगायचे नाही असा हुकूम होता. माझी लेकरे कोटात आहेत हो!"

पंतांनी पगडी उतरवून सरदाराच्या पायाशी ठेवली. "माझी मान घ्यावी. भावाला सोडावे."

"वकिलावर हात टाकणे आम्हास शोभत नाही," डॉन रामिरो मिशीवरून बोटे फिरवत म्हणाला, "आणि दुसरा जीव देण्याची चाल नाही. तुम्हा लोकांना बैलाचे मरण बघवत नाही, असे ऐकून होतो. आज खात्री झाली."

फाशीआधी भेट मात्र दिली. पहारेकऱ्यांकडून सारे कळलेल्या हैबतरावाने हसतच विचारले, "दादा, बैल तरी कसा आहे?"

"मोठा आहे रे. लंगडतो जरासा."

"मग वाटेत दामटू नका. या, भेटा एकदा." आणि मिठीत घेऊन तो कानाशी पुटपुटला, "उत्तरेचा तट अकरा हात उंच. पश्चिमेकडून सातच, आणि चुना ओला. ध्यानात राहील ना?"

पंतांनी मान हलवली.

मापे हुजुरात पोहोचली तेव्हा फिरंग्यांशी तह होऊन आठ दिवस लोटले होते. कारकुनाने कागद दुमडून रुमालात बांधला आणि रुमाल फडताळात टाकला.

पंत घरी आले ते बैलाची दोरी धरून. हैबतरावाची बायको सगुणाबाई ओसरीवर उभी होती. बातमी तिच्याआधी गावाला लागलेली. तिने बैलापुढे पाण्याचे घंगाळ सरकवले आणि तो पीत असताना विचारले, "भावोजी, एकच सांगा. हात जाणून उठला, की आपसूक?"

"आपसूक, सगुणा."

तिने पदराने बैलाच्या मानेवरच्या जखमांवरच्या माशा वारल्या.

"मग तुमच्यावर रागवायचीसुद्धा सोय उरली नाही," ती म्हणाली आणि आत गेली.