लिबोरियोआजोबांच्या छातीवरचा डाग

आरेकिपा शहरातल्या आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात, दुसऱ्या मजल्यावर, लिबोरियोआजोबा झोपलेले असतात. मुलांच्या सरावासाठीचा रबरी कातडीचा पुतळा. त्यांची नाडी, श्वास, कण्हणं, सगळं काचेआड बसून मी चालवते. मुलांना पहिल्याच दिवशी बजावते, पडद्यावरच्या रेषेवर विसंबू नका, रोग्याच्या अंगाला हात लावा.

एफ्राइन तिकोना पुनोकडच्या डोंगरातला. या परीक्षेची ही त्याची तिसरी आणि शेवटची संधी. नापास झाला की शिक्षण संपलं. त्याची आई खाली फाटकाशी बसली होती, माझ्यासाठी घरचं चीज घेऊन. असली भोळीभाबडी माणसं पाहिली की मला उगाच चीड येते. मी आजोबांचं हृदय थांबवलं आणि काहीही केलं तरी ते सुरू होणार नाही अशी यंत्रात सोय केली.

तो छाती दाबू लागला. कोपरं ताठ, लय अचूक. नावं ठेवायला जागाच नव्हती, म्हणून जास्तच राग आला.

सहाव्या मिनिटाला त्याने आजोबांच्या नाकाशी तळहात धरला.

"डॉक्टरबाई, हाताला श्वास जाणवतोय. गरम आहे."

मी श्वासाचं बटण पाहिलं. बंद होतं.

"रबर श्वास घेतंय होय रे? तुमच्या डोंगरात दगडसुद्धा जांभया देत असतील!" शेजारचे परीक्षक हसले. "रेषा बघ. सपाट आहे. मृत्यूची वेळ सांग."

"पण तुम्हीच म्हणाला होतात..."

"सांगतोस, की आईला वर बोलवू?"

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अकरा चाळीस," तो म्हणाला आणि त्याने हात काढून घेतले.

'रोग्याला सोडून रेषेवर विसंबला' असा शेरा मारून मी त्याला नापास केलं. चीज ठेवून घेतलं. चांगलं होतं.

दुपारी पुतळा पुसताना छातीवर पंजाएवढा जांभळा डाग दिसला. स्पिरिटने घासला, निघेना.

पाचव्या दिवशी तो हिरवट झाला.

आज दहावा दिवस. यंत्र तेव्हापासून बंदच आहे. डाग पिवळा पडलाय, कडेने विरत चाललाय.

मेलेल्याच्या अंगावरचा डाग असा रंग बदलत विरत नाही, हे मीच शिकवते.

नाकाशी तळहात धरून बघायचं धाडस मात्र मला होत नाही.