सुरईचा तळ

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी जुन्या बाजारात चादर अंथरून चक्क पेंगत होते. आठवडाभर कारखान्यात चष्म्याच्या काचा घासायच्या आणि सुट्टीच्या दिवशी बाबांनी हौसेने जमवलेली काचेची भांडी विकायची... बाबा गेल्यावर भावाच्या घरात मला जागा मिळाली, भांड्यांना नाही.

"झोपमोड केली का?"

"करा. गिऱ्हाईक आहात."

तो हसला. औषधाच्या दुकानात दिवसभर उभा राहणारा माणूस, डोळे माझ्याइतकेच दमलेले. त्याने निळी फुलदाणी उचलली, उलटी केली आणि तळावरून अंगठा फिरवला. मधोमध खडबडीत लागलं तशा कपाळाला आठ्या पडल्या. तरी घेतली.

मग दर आठवड्याला तेच. अंगठा, आठ्या आणि एक भांडं. वहिनीने त्याचं नाव पाडलं, अंगठेबहाद्दर!

"अगं, त्याला काच हवीय की तू?"

"वहिनी, मला फक्त झोप हवीय."

साफ खोटं. मी आठवडाभर त्याचीच वाट बघायचे.

शेवटी बाबांची लाडकी हिरवी सुरई तेवढी उरली. ती गेली की त्याला यायचं कारणच संपणार होतं. निदान ही तरी त्याच्या अंगठ्याला टोचू नये, म्हणून कारखाना सुटल्यावर मागे थांबून मी तिचा तळ काचा घासायच्या चाकावर घासला. अगदी गुळगुळीत.

"ही विकायची नाही. तुम्हाला... अशीच."

त्याने सुरई उलटी केली. अंगठा सर्रकन घसरला आणि तो चादरीच्या कडेवर मटकन बसला.

"इथला वण कुठे गेला?"

"घासला. तुम्हाला आवडायचा नाही ना... आठ्या पडायच्या."

"अहो, मी तोच तर शोधायचो! आठ्या पडायच्या त्या नीट चाचपताना. काच फुंकून केलेलं भांडं शेवटी लोखंडी दांड्यावरून तोडतात, त्याचा तो वण. त्याच्यावरूनच कळतं, हाताने घडवलंय म्हणून."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आधीच जीव शिणलेला, त्यात बाबांची सुरई मी माझ्या हाताने मातीमोल केलेली.

"द्या टाकून," मी म्हणाले.

त्याने पुन्हा अंगठा फिरवला, सावकाश.

"किती घासलीत?"

"हात भरून येईपर्यंत."

"मग हाताचीच आहे की. ही मी कुणाला देणार नाही."

मी डोळे पुसले. "पुढच्या आठवड्यात विकायला काहीच नाही..."

"नुसती चादर आणा. मी चहा आणतो. तुम्ही पेंगा, मी गिऱ्हाइकं हाकलतो."

"तोवर कोण थांबतंय!" मी म्हणाले, आणि तिथेच त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. लोक बघत होते. बघेनात का.